हाक, सर्वांसाठी खुली

आमचे उकंडामामा मागच्या हिवाळ्यात भर दुपारी बाजेवरून उठले आणि चालत निघून गेले. ते परत आलेले नाहीत.

असं काहीही झालेलं नाही. मामा घरीच आहेत, चहात साखर कमी पडली म्हणून कुरकुरत आहेत, आणि मी तुम्हाला फक्त इंटरनेटवर शोधनिबंध फुकट कसे मिळवायचे ते सांगायला बसलो आहे.

माझं नाव संघदीप. आर्णीत विहारामागच्या अभ्यासिकेत मी बसतो. नोकरी लागली नाही म्हणून मी पीएच.डी.ला बसलो आणि पीएच.डी. होत नाही म्हणून दुसऱ्यांच्या पीएच.डी.ला मदत करतो. तालुक्यात कुणाला लेख हवा असला की लोक माझ्याकडे पाठवतात. मागे मला फुकट्या म्हणतात, समोर सर म्हणतात. दोन्ही पदं विनावेतन आहेत.

काम अवघड नाही. जगात ज्ञान पुष्कळ आहे, पण त्याच्या दारात प्रकाशक बसलेला असतो. एका लेखासाठी तो जेवढं मागतो तेवढ्यात आमच्याकडे बकरी येते, आणि बकरी निदान दूध देते. चोरीच्या साइटवर मी जात नाही. अभ्यासिकेचा कॉम्प्युटर म्हातारा आहे, त्याला एवढं पाप झेपणार नाही. आणि गरजही पडत नाही. लेखाचं नाव अवतरणचिन्हात टाकायचं. खाली बारीक अक्षरात ‘सर्व आवृत्त्या’ असं लिहिलेलं असतं, तिथं जायचं. प्रकाशकाकडे कुलूप असलेला लेख बरेचदा लेखकाच्या विद्यापीठाच्या भांडारात उघडा पडलेला असतो, कायदेशीर, फक्त कुणी पाहिलेला नसतो. तिथंही नसेल तर लेखकाला सरळ ईमेल करायचा. लोक याला लाजतात. लाजू नये. शोधनिबंधाचा लेखक म्हणजे लग्नात कोपऱ्यात एकटे बसलेले काका. त्यांना आजवर कुणी काही विचारलेलं नसतं. तुम्ही विचारलंत की ते आपल्या ताटातलं सगळं तुमच्या ताटात वाढतात.

उर्वशीचा फोन आला तेव्हा मी हेच एका मुलाला समजावत होतो. उर्वशी मामांची मुलगी. यवतमाळला तासिका तत्त्वावर शिकवते आणि कापूस वेचणाऱ्या बायांच्या बोलण्यावर संशोधन करते.

“संघ्या, एक लेख पाह्यजे. गाइड म्हणते, त्याच्याबिगर चॅप्टर उभाच राहत नाही.”

“कोणावर आहे?”

“माह्या मायवर.”

मला वाटलं मस्करी करते आहे.

“खरंच बे. आपल्याच वावरात बसून लिहेल आहे. अन् माह्याच मायवरचं मले वाचू देऊन नाई राह्यले. पैसे भरा म्हणते.”

मग मला आठवलं. आम्ही शाळेत होतो तेव्हा एक परदेशी संशोधक बाई आर्णीजवळच्या आमच्या गावात आली होती. पऱ्हाटीत, म्हणजे उभ्या कपाशीत, बसायची, शिंकायची, आणि बायांच्या तोंडासमोर केसाळ उंदरासारखा माइक धरायची. ती हाका गोळा करायला आली होती.

हाकांचं थोडं सांगावं लागेल. आमच्या घरानं जुन्या चालीरीती फार आधी दाराबाहेर टाकल्या, पण एक राहून गेली होती. सत्यभामामामी नवऱ्याचं नाव घेत नसे. गावातल्या तिच्या वयाच्या कुठल्याच बाया घेत नसत. आता नाव घ्यायचं नाही, आणि माणूस तर उभ्या तुरीच्या पलीकडे. म्हणून प्रत्येकीनं आपापली एक बिनशब्दांची हाक बनवली होती. मामीची हाक खालून उठायची, मध्येच मोडायची आणि शेवटी पाणी सांडल्यासारखी पसरत जायची. तिच्यात अक्षर एकही नव्हतं. वावरात वीस माणसं असली तरी त्या हाकेला मान एकच वर व्हायची.

मामांना काचबिंदू झाल्यावर ही हाक नुसती हाक राहिली नाही. त्यांना आता फक्त उजेड आणि सावली एवढंच कळत होतं. तरी वावरात गेल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नसे. जाताना पाय नेत. येताना मामी घरामागच्या उकिरड्यावर उभी राहून हाक द्यायची, मामा पलीकडून “ओ, आलो” म्हणायचे आणि दोरी बांधल्यासारखे सरळ तिच्याकडे चालत यायचे. वाटेत वामनरावांची बिनकठड्याची विहीर होती. हाकेच्या रेषेत चालल्यामुळे ती मामांच्या पायाखाली कधी आली नाही. म्हणजे मामा रोज संध्याकाळी जिवंत घरी येत होते ते त्या आवाजावर, दुसऱ्या कशावर नाही.

मी संशोधक बाईला ईमेल केला. तिचं उत्तर लगेच आलं. ती आता उत्तरेकडच्या कुठल्यातरी थंड देशात शिकवत होती आणि त्या लेखाबद्दल कुणीतरी विचारलं म्हणून तिला रडू आलं होतं, असं तिनं लिहिलं होतं. लेख विद्यापीठाच्या खुल्या भांडारात ठेवायची तिला मुभा होती. सोबत मूळ हाकाही ठेवते म्हणाली. फक्त परवाना कुठला लावू, एवढंच तिनं विचारलं. अभ्यासापुरता, की सर्वांसाठी? आणि घरच्यांना चालेल ना?

मी मामीला विचारलं.

“ठेवा ना बाप्पा,” मामी म्हणाली. “हाक काय झिजते काय?”

मी लिहिलं, सर्वांसाठी. कुणीही, कुठेही, कशासाठीही.

आठवड्याच्या आत पान उघडं झालं. प्रत्येक बाईच्या हाकेची वेगळी फाईल, शेजारी वाजवायचा छोटा बाण, खाली किती वेळा वाजवली किंवा उतरवली, म्हणजे डाउनलोड केली, त्याचा आकडा. उर्वशी गावी आली होती. आम्ही अंगणात बसून मोबाइलवर मामीची हाक लावली.

“मायबाई,” मामी हसत सुटली, “मी अशी कोल्हीवानी वरडत होती?”

मामा बाजेवरून उठले, अंगण ओलांडून सरळ आमच्याकडे आले आणि मोबाइलवर तळवा ठेवला.

“गरम आहे,” ते म्हणाले.

आम्ही सगळे हसलो. उर्वशीचा चॅप्टर उभा राहिला.

नंतर एका दुपारी मी मामांकडे जेवायला होतो. भाकर आणि वांग्याची भाजी. मामांचा घास तोंडाशी थांबला.

“ओ, आलो.”

मामी त्यांच्या गुडघ्याला गुडघा लावून बसली होती. “कोणाले म्हणता?”

“तू हाक मारली ना.”

“मी इथंच बसून जेवून राह्यली. माहं तोंड भरेल आहे.”

“मंग तिकडून कोण मारली?” मामांनी भांड्यांच्या फळीकडे हात केला.

“मामा, तिकडे फळीमागे भिंत आहे आणि भिंतीमागे अकोला,” मी म्हणालो.

“त्याच्याई पलीकडून,” मामा म्हणाले आणि घास खाल्ला.

अभ्यासिकेत परत आल्यावर मी सवयीनं पान उघडलं. आकडा पुढे सरकला होता. मला आनंद झाला. आमच्या मामीला वाचक मिळाला होता.

हे पुन्हा झालं. नाल्यावर बैल धुताना झालं. दाढी करताना झालं, तेव्हा गालावर चीर पडली. मामा मान वळवत, कान थोडा तिरपा धरत, “ओ” म्हणत आणि उभे राहत. दरवेळी दिशा वेगळी असे. दरवेळी पानावरचा आकडा वाढलेला असे. मी विज्ञान मानणाऱ्या घरातला आहे, त्यामुळे मी म्हणालो, योगायोग. दुसऱ्यांदाही तेच म्हणालो. तिसऱ्यांदा मी वेळ आणि दिशा वहीत लिहून ठेवली.

मग मी प्रयोग केला. उर्वशीला सांगितलं, तिकडे यवतमाळात तुला वाटेल तेव्हा ती हाक ऐक, मला आधी काही कळवू नकोस. मी मामांजवळ तुरीच्या शेंगा सोलत बसलो. मामा हिवाळ्यातल्या उन्हात डोळे मिटून पडले होते. अंगणात कोंबड्या, दूर कुठेतरी ट्रॅक्टर. बराच वेळ काही झालं नाही आणि मला माझीच लाज वाटायला लागली.

मामा उठून बसले. तोंड यवतमाळच्या बाजूला.

“ओ.”

मी मेसेज केला, ‘आत्ता?’

‘आत्ता.’ मग थोड्या वेळानं, ‘संघ्या, मी तर इअरफोन लावले होते.’

त्यानंतर आम्ही दोघांनी ती फाईल उघडली नाही. पण खुल्या गोष्टीचं असं असतं की ती तुमच्याशिवायही खुली असते. कुठल्यातरी शाळेत बाईंनी मुलांना ती ऐकवली. कुणीतरी ती ढोलावर बसवून गाणं केलं. परवान्यात ते बसत होतं, मी स्वतः वाचून पाहिलं. पूर्वी दिवसाकाठी एखाद्या वेळी हलणारा आकडा आता मी पाहत असतानाच हलायला लागला. असे वाचक मिळावेत म्हणून लोक आयुष्य घालवतात.

पुढच्या बाजाराच्या दिवशी संध्याकाळी मी मामीजवळ उकिरड्यावर उभा होतो. ऊन तुरीच्या शेंड्यांवर आलं होतं. मामीनं हाक दिली. समोरून नेहमीचं “ओ, आलो” आलं, तुरीची रांग हलली, मामांचं पांढरं मुंडासं दिसलं. मग ते थांबलं. आणि वळलं.

मामीनं पुन्हा हाक दिली, जीव खाऊन. मुंडासं वामनरावांच्या विहिरीकडे चालायला लागलं. पावलं संथ, खात्रीची. घरी येणाऱ्या माणसाची.

मी धावलो. कितीदा पडलो ते माहीत नाही. विहिरीच्या काठावरची माती त्यांच्या चपलेखालून सुटत होती तेव्हा माझ्या हाताला त्यांच्या सदऱ्याची कॉलर लागली.

“मामा! मामी तिकडे आहे, मागे!”

“तिकडे बी आहे,” मामा म्हणाले. त्यांना धाप लागली नव्हती. “पण इकडची जवान आहे, बाबू. इकडची जास्त बलावून राह्यली.”

त्या दिवसापासून मामांचं वावर बंद झालं. मामी त्यांच्या बाजेला बाज लावून बसायला लागली.

मी संशोधक बाईला लिहिलं, कृपया फाईल काढा. कारण काय लिहायचं ते सुचेना, म्हणून ‘कौटुंबिक’ एवढंच लिहिलं. ती फार सभ्य होती. तिनं ग्रंथालयाला विचारलं. ग्रंथालय म्हणालं, एकदा सर्वांसाठी दिलेला परवाना परत घेता येत नाही, आणि पान मिटवलं तरी ज्यांनी उतरवली त्यांच्याकडे ती राहणारच. तिनं दिलगिरी व्यक्त केली. त्यांच्या विभागात सर्वाधिक उतरवला गेलेला लेख हाच आहे, असंही कळवलं. शेवटी विचारलं होतं, श्री. उकंडा अजून त्या हाकेला उत्तर देतात का? पुढच्या लेखासाठी माहिती हवी होती.

याच दिवसांत शेजारच्या तांड्यावरच्या धुरपताबाई मला रस्त्यात भेटल्या. मामीच्या वेचणीच्या टोळीतल्या. त्यांचे यजमान भीमसिंग वारून बरीच वर्षं झाली होती.

“का रे संघदीप, त्याच्यात माही बी हाक टाकली काय?”

“हो मावशी. सगळ्यांच्याच आहेत.”

“वाजवते लोक?”

“तुमची थोडी कमी.”

त्यांनी पदर सारखा केला. “कमीच राहू दे,” म्हणाल्या. “दाराशी येऊन उभे राहते. मले समजून नाई राह्यलं, उघडू का नको.”

विनोद करायची मला सवय आहे, पण त्या दिवशी एकही सुचला नाही.

आणि मग ती दुपार आली. म्हणजे मी सुरुवातीला सांगितलंच की असं काही झालेलं नाही. पण झालं असतं, तर ते असं झालं असतं.

कुणीतरी मोठ्या माणसानं ते ढोलाचं गाणं पुढे पाठवलं होतं, हे आम्हाला नंतर कळलं. उर्वशी सुट्टी टाकून आली होती. मामी ज्वारी पाखडत होती. मामा बाजेवर होते.

“ओ,” मामा म्हणाले.

मग लगेच, दुसरीकडे तोंड करून, “ओ.”

“ओ. आलो. ओ.”

ते उठले. अंगणाच्या मधोमध उभे राहिले आणि जागच्या जागी फिरायला लागले. आधी हळू, मग खळ्यातल्या बैलासारखे.

“बाबा, खाली बसा,” उर्वशी रडत होती. “बाबा, कोणी नाई बलावून राह्यलं.”

“कोणी नाई कसं,” मामा म्हणाले. “सगळीकडूनच तर आहे.”

मी मोबाइल काढला. आकड्याच्या जागी नुसतं एक चाक फिरत होतं.

मामीनं सूप टाकलं. त्यांचे दोन्ही हात धरले आणि अगदी तोंडासमोर उभं राहून हाक दिली. खालून उचललेली, मध्ये मोडलेली. मी तिच्या गळ्याच्या शिरा पाहिल्या.

मामांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. गर्दीत एखादा आवाज असावा, तशी ती त्यांना होती.

मामीनं एकदा माझ्याकडे पाहिलं.

मग तिनं नाव घेतलं.

“उकंडा!”

अख्ख्या संसारात पहिल्यांदा. तिचा आवाज फाटला. “अहो उकंडा! मी आहो! उकंडा!”

मामा थांबले. कान तिरपा धरला. चेहऱ्यावर थोडा संकोच आला.

“कोण बाई होय ही?” त्यांनी मला विचारलं. “माहं नाव घेऊन राह्यली.”

“मामीच आहे, मामा.”

“नाई,” मामा म्हणाले. “ती माहं नाव नाई घेत.”

परक्या बाईच्या हातातून सोडवावेत तसे, मान राखून, त्यांनी आपले हात सोडवले. मुंडासं नीट केलं. आणि चालायला लागले.

आम्ही तिघंही मागे धावलो. आंधळा, म्हातारा माणूस, संथ चालणारा. तरी अंतर कमी होईना. ते तुरीत शिरले. मी दोन हात मागे असेन.

समोरून “ओ, आलो” आलं. मी तिकडे गेलो.

डावीकडून आलं.

मग दोन्हीकडून, एकाच वेळी, एकाच दमात.

मी उभा राहिलो. तूर कुठंच हलत नव्हती. आवाज मात्र लांब जात होते. वेगवेगळ्या बाजूंना.

वामनरावांची विहीर उपसली. तिच्यात पाणी आणि एक जुनी बादली निघाली. पोलिसांत तक्रार दिली. मोबाइलवर फोटो फिरवला. त्याच संध्याकाळी मुकुटबनहून एका कापूसवाल्याचा फोन आला. असा एक म्हातारा आत्ता माझ्या गाडीजवळून गेला, पाणी देऊ केलं तर थांबला नाही, ‘आलो, आलो’ म्हणत होता. मी कापूसवाल्याशी बोलत असतानाच उर्वशीच्या फोनवर ढाणकीच्या बाजारातून एका बाईचा फोन आला. तिनंही तेच सांगितलं. मुकुटबन जिल्ह्याच्या एका टोकाला, ढाणकी दुसऱ्या. आम्ही दोघांना फोटो पुन्हा पाठवले. दोघंही म्हणाले, हेच.

मामांना चालत दोन्हीकडे पोहोचायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात मी बसनं त्यातल्या एका ठिकाणीसुद्धा पोहोचू शकलो नसतो.

मामी आता बोलत नाही. घसा बसला, असं डॉक्टर म्हणतात. रोज संध्याकाळी ती उकिरड्यावर उभी राहते, तोंड उघडते, आणि मिटते.

मी दिवसातून अनेकदा ते पान उघडतो. फाईल वाजवत नाही. खाली लोकांना प्रश्न विचारायची सोय आहे, तेवढं वाचतो. गेल्या महिन्यात ढोलाचं गाणं करणाऱ्यानं विचारलं होतं, हाकेनंतर काही वेळानं एक वृद्ध पुरुष उत्तर देतो, तो मूळ ध्वनिमुद्रणात आहे का? संशोधक बाईनं लिहिलं, नाही. त्याखाली इतर देशांतल्या लोकांनी लिहिलं आहे की त्यांच्या फाईलमध्येही तो आहे. एकीनं लिहिलं आहे, सुरुवातीला फार लांबून यायचा, आता धाप ऐकू येते.

म्हणून त्याच जागी मी पुढील मजकूर नोंदवला आहे. इथंही देतो.

विषय: सत्यभामाबाई, मौजे आर्णी परिसर, जि. यवतमाळ, यांच्या ध्वनिफितीच्या वापराबाबत.

सर्व संबंधितांस कळविण्यात येते की, सदर ध्वनिफीत परत करावी अशी आमची मागणी नाही. परवाना रीतसर आहे. तथापि नम्र विनंती करण्यात येते की, ज्यांच्याकडे तिची प्रत असेल अशा जगातील सर्व व्यक्तींनी ती यापुढे एकाच वेळी, आणि एकाच ठिकाणी जमून वाजवावी, जेणेकरून श्री. उकंडा यांना कुठेतरी पोहोचता येईल. तसेच दोन वेळा वाजवण्यामध्ये पुरेसं अंतर ठेवावं. त्यांचं वय झालं आहे. त्यांना मध्ये थोडं बसू द्यावं.